द्यायचं की वापरायचं

दारव्हा तालुक्यातल्या लोणदरी गावात आलेली भेटवस्तू कोणीही उघडत नसे. यात कंजूषपणाचा भाग नव्हता, शिस्तीचा होता. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत आलेला डबा हा आपल्याला मिळालेला नसून तात्पुरता आपल्या ताब्यात आहे, ही जाणीव इथल्या शेंबड्या पोरालाही होती. डबा घरी आणायचा, वरची नावाची चिठ्ठी अलगद सोडवायची, डबा दिवाणात ठेवायचा आणि पुढचं लग्न आलं की आपली चिठ्ठी चिकटवून रवाना करायचा.

या शास्त्रात इंदूबाईंचा शब्द शेवटचा होता. डबा ज्याच्याकडून आला त्याच्या भावकीत तो तीन वर्षं फिरकू नये. चुरगळलेला कागद फक्त जावयाकडच्या मंडळींना चालतो. आत काय असेल याचा तर्क करू नये, आणि आत काय आहे हे सांगणं तर त्याहून वाईट, कारण मग घेणाऱ्याला ते आवडल्याचं नाटक करावं लागतं. हे सगळे नियम इंदूबाईंचे. त्यांचे यजमान वामनराव पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासून रिकामेच होते, त्यांनी नियमांचे अ, ब, क असे भाग पाडून प्रत्येकाला पोटक्रमांक दिले. आसपासच्या बाया सल्ल्याला येत. इंदूबाई डबा दोनदा खालीवर करून बघत आणि सांगत, "हा नात्यात नको देऊ. शेजारात चालते."

अशा बाईच्या घरात, त्यांच्याच सुनेने डबा उघडला.

सून अर्पिता नेरची. इंदूबाईंच्या अक्षयशी लग्न होऊन तिला वीस दिवस झाले होते. एका दुपारी तिने दिवाणातला डबा काढला आणि सरळ कागद फाडला. आत सहा कपबश्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, काठाला हिरवी पानं. इंदूबाई दारातच थबकल्या.

"अर्पिता, काय करून राह्यली तू हे?"

"कप धुऊन राह्यली, आई. आपल्या जुन्या कपायचे कान तुटले ना."

"तो डबा बबिताच्या लग्नात द्याचा होता."

"पण तो आमच्या लग्नात आलता."

"आला म्हनूनच तर द्याचा," इंदूबाई म्हणाल्या. इतकी साधी गोष्ट पोरीला कळू नये याचं त्यांना नवल वाटलं.

बबिता ही हंसाबाईंची मुलगी. हंसाबाई आणि त्यांचे यजमान प्रेमसिंग बंजारा तांड्यावर राहत. त्यांच्या आणि इंदूबाईंच्या शेताचा धुरा, म्हणजे मधला बांध, एकच, आणि दोघी बायांची मैत्री चाळीस वर्षांची. नेमक्या त्याच दुपारी हंसाबाई पत्रिका घेऊन आल्या आणि अर्पिताने त्यांना नव्या कपातून चहा दिला.

हंसाबाईंनी कप उजेडात धरला. "किती सुंदर आहेत वं. घर बांधलं तेव्हापासून माह्या मनात असेच कप होते. कुठून आनले?"

"मावशी, तुम्हीच तर देल्ले. डब्यावर तुमचं नाव होतं. चिठ्ठी मीच सोडवली, आईले सांगाचं राह्यलं."

हंसाबाई चहा पूर्ण प्यायल्या, कप हळूच बशीत ठेवला आणि मग म्हणाल्या, "दोन वर्ष माह्या दिवाणात पडून होते. आमी घरी स्टीलच्या गिलासात चहा पेतो. हात पोयते."

"मग वापस ने ना, हंसा," इंदूबाई म्हणाल्या.

"देल्लेली वस्तू कशी नेऊ? तुमचाच तर नियम आहे."

त्या गेल्या. इंदूबाईंना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं धुऱ्यावर बसून एकमेकींच्या शिदोऱ्या खाल्ल्या, पण या बाईला काय हवं होतं हे कधी विचारायचं सुचलं नाही. बबिताच्या वेळी तरी असं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी धरलं.

दरम्यान, डब्यांमध्ये वस्तू असतात ही बातमी तासाभरात गावात पसरली. तोवर हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गल्लीगल्लीत चमकी कागदाचा खच पडला. घराघरातून इस्त्र्या, मिक्सर, लेमन सेट आणि मोराची चित्रं निघाली. वाईट वस्तू मिळाल्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. चांगल्या वस्तू देऊन बसल्याचं मात्र घरोघरी सुतक होतं.

धावजीच्या डब्यातून मिक्सर निघाला, तसा रामधन थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसला. "तो मिक्सर मी देल्ला होता. लेमन सेट समजून देल्ला. मिक्सर आहे माहीत असतं तर देल्ला असता का?"

"मीही लेमन सेट समजूनच घेतला," धावजी म्हणाला. "मी करू का तक्रार?"

प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे गेलं. सचिव अर्थातच वामनराव. तीन बैठका झाल्या. उघडलेल्या वस्तू 'जैसे थे' ठेवाव्यात असं ठरलं, पण त्यातून मोठा प्रश्न उभा राहिला. हंगामात सतरा लग्नं, पहिलं बबिताचं, आणि गावात न उघडलेला डबा एकही शिल्लक नाही. नवीन वस्तू आणायची तर समोरच्याला काय आवडतं हे ठाऊक हवं, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अखेर वामनरावांनी उभं राहून टिपणी वाचली.

"ज्याअर्थी भेट स्वीकारणारी व्यक्ती ती उघडत नाही, आणि ज्याअर्थी सध्याचा तंटा हा केवळ आतील वस्तूमुळे उद्भवला आहे, त्याअर्थी आतील वस्तू वगळण्यात यावी. डबे एका मापाचे व जांभळ्या कागदाचे असावेत. शिष्टाचाराचे यापूर्वीचे नियम कायम राहतील."

"रिकामा डबा हातात हलका लागन ना," प्रेमसिंग म्हणाले. पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं होतं.

"अर्धा किलो सरकी भरावी," वामनरावांनी लगेच दुरुस्ती सुचवली. "कोणी उघडलाच तर ढोरायले कामी येते."

ठराव एकमताने मंजूर झाला. शिष्टाचाराच्या जननी म्हणून इंदूबाईंचा शाल देऊन सत्कार झाला. शाल पिशवीतून काढायची नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अर्पिताला बाजूला घेतलं. "बबिताचं अन् तुहं बरं जमते. तिले काय पाह्यजे असन?"

"घड्याळ," अर्पिता क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "महागावले तिचं सासर, अन् तिथंच दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. नाडी मोजाले सेकंदकाट्याचं घड्याळ लागते. मले तर तिनं दोनदा सांगतलं."

इंदूबाई जीपमध्ये बसून दारव्ह्याला गेल्या. दुकानदाराने विचारलं, "द्याचं की वापराचं, काकू?"

"द्याचं आहे. पण वापराचं."

"असा माल नाही ठेवत आपन. द्याचा अलग, वापराचा अलग."

"मग वापराचंच दाखव."

त्याने काचेखालून एक घड्याळ काढलं. इंदूबाई स्वतःची नाडी धरून पूर्ण एक मिनिट काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. काटा कुठे अडत नव्हता. घरी येऊन त्यांनी घड्याळ सरकीवर अलगद ठेवलं आणि डबा जांभळ्या कागदात बांधला.

लग्नात स्टेजच्या मागे जांभळ्या डब्यांची भिंत उभी राहिली होती. माइकवर नावं पुकारली जात होती. इंदूबाईंनी डबा बबिताच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा उघडजो बरं, बबिता."

"हो काकू, उघडीन ना," बबिता हसून म्हणाली. पुन्हा नक्की या म्हटल्यावर पाहुणे हो म्हणतात, त्याच सुरात.

"खरंच उघडजो."

हंसाबाई पुढे झाल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "इंदूबाई, असं बोलू नये. लोक आयकून राह्यले. नियम क-तीन मोडते."

आत घड्याळ आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण भोवती वीस-पंचवीस बाया उभ्या होत्या, प्रत्येकीला हे सगळं इंदूबाईंनीच शिकवलं होतं, आणि सगळ्या त्यांच्याकडे जरा काळजीने बघत होत्या. "सुखी राहा," असं म्हणून त्या स्टेजवरून उतरल्या.

आठ दिवस त्यांनी कसेबसे काढले आणि मग फोन लावला. आधी नोकरीची चौकशी केली.

"चांगलं चाललं, काकू," बबिता म्हणाली. "नाडी मोजाची असली की दुसऱ्या सिस्टरचं घड्याळ मागून घेतो. रोज मागाले लाज वाटते, पण देते ती."

"अन् ते डबे, बेटा?"

"सासूबाईनं दुसऱ्याच दिवशी पाहुण्यायले वाटून टाकले. सगळे एकसारखे, त्याच्यानं कोनाले वाईट नाही वाटलं. लय सोय झाली म्हने."

इंदूबाईंनी फोन ठेवला. अर्पिताने चहा आणला, तो त्यांना जाईना.

महागावहून डबे पुसदला गेले, नांदेडला गेले, काही रेल्वेने पुण्यालाही गेले. लोणदरीची पद्धत सगळीकडे आवडली. तुमच्याकडेही मागच्या लग्नसराईत एक जांभळा डबा आला आहे. चिठ्ठीवरचं नाव तुम्हाला ओळखू आलं नव्हतं. डबा कपाटावर आहे, आणि रविवारच्या लग्नाला तोच न्यायचं तुमच्या घरी ठरलं आहे. तुम्ही तो उघडणार नाही. आत काय असणार, हे तुम्हाला आधीच माहीत आहे.