शेपटरावांचा नमस्कार

मुलांनो, जिथे माणसं कमी आणि कार्यशाळा जास्त, अशा एका जंगलात शेपटराव नावाचा वानर राहत होता. तो आवळ्यावर बसायचा, खाली पाला टाकायचा. ठिपकी नावाची चितळीण तो खायची. वरून बिबट्या दिसला की शेपटराव ओरडायचा आणि ठिपकी पळायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. याला संबंध म्हणतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

शेपटरावाला जंगलाचा मुख्य टेहळणीदार व्हायचं होतं. म्हणून तो कोल्हेसरांच्या कार्यशाळेला गेला.

“तुमच्या ओळखीत कोण आहे?” सरांनी विचारलं.

“ठिपकीताई.”

“ती तुम्हाला कुठे पोचवणार? वरच्या ओळखी करा. मात्र जिव्हाळा अस्सल हवा. रोज सराव करा.”

टेहळणीदार नेमायचे बिबटेसाहेब. शेपटराव रोज त्यांच्या खडकाजवळच्या झाडावर जाऊन बसू लागला. हवापाण्याचं बोलायचा, अंगावरच्या ठिपक्यांचं कौतुक करायचा. साहेब एक डोळा उघडून म्हणायचे, “बघू.”

एवढ्यावर शेपटराव आठवडाभर खूश असायचा.

“दादा, हल्ली पाला पडत नाही,” ठिपकी एकदा म्हणाली.

“कामात आहे गं. ओळखी वाढवतोय.”

एका दुपारी तो आवळ्यावर परतला. खाली ठिपकी पाडसाला चाटत होती. तिच्या मागे, गवतात, बिबटेसाहेब दबा धरून बसले होते.

शेपटरावाने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडावं, तर नेमणूक गेली. न ओरडावं, तर... त्याने पाडसाकडे पाहिलं.

तेवढ्यात साहेबांनी वर पाहिलं. नजरानजर झाली. आता ओळख न दाखवणं बरं दिसलं नसतं. शेपटराव सवयीने उभा राहिला, हात जोडले आणि सगळा अस्सल जिव्हाळा एकवटून ओरडला,

“बिबटेसाहेब, नमस्काऽऽर! मी शेपटराव! ओळखलंत का?”

ठिपकी पाडसासकट ओढ्यापलीकडे!

साहेब गवतातून उठले. अंग झटकलं.

“ओळखलं,” ते म्हणाले. “आता चांगलंच ओळखलं.”

टेहळणीदार म्हणून पुढे एका घुबडाची नेमणूक झाली. त्याला दिवसा दिसत नव्हतं.

संध्याकाळी ठिपकी आली. तिचे डोळे भरले होते. “दादा, साहेबांशी इतकी ओळख असून आमच्यासाठी ओरडलास!”

खरं काय ते सांगावं, असं शेपटरावाला क्षणभर वाटलं. मग त्याने घसा खाकरला आणि मुकाट्याने खाली पाला टाकला.

तात्पर्य: मुलांनो, बड्या लोकांशी ओळख अवश्य वाढवावी आणि ते भेटले की जंगलभर ऐकू जाईल असा नमस्कार घालावा. त्याने आपलं भलं होत नाही, पण शेजाऱ्यांचा जीव वाचतो.