दृश्य किंचित अडलेलं

जागा निवडावी तर मीच! उभी हयात साउदम्प्टनच्या रस्त्यांवर डबलडेकर बस हाकली आहे. कुठल्या सीटवर कमी धक्के बसतात ते मला झोपेतून उठवून विचारा! त्यामुळे थेल्माला घेऊन बोटीने जगप्रदक्षिणेला जायचं ठरलं तेव्हा केबिनच्या बाबतीत मी कुणाचा सल्ला घेतला नाही. बसमध्ये मधली सीट उत्तम, तसंच बोटीचं. फार वर नको, फार खाली नको, बरोबर मधोमध.

थेल्माचं मागणं एकच होतं. गेल्या हिवाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि कित्येक आठवडे ती इस्पितळाच्या खिडकीतून विटांची भिंत बघत पडली होती. तेव्हा म्हणाली होती, "नॉर्मन, एकदा उशीवर डोकं ठेवून समुद्र बघायचाय." एवढ्या वर्षांच्या संसारात बाईने तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट!

"मग वरची बाल्कनीवाली घेऊ या का?" मी विचारलं.

"छे, कशाला उगीच," ती म्हणाली.

मी लगेच फोन करून मधली केबिन पक्की केली. बुकिंगवाली मुलगी म्हणाली, "खिडकीतलं दृश्य किंचित अडलेलं आहे हं." म्हटलं, किंचित तर किंचित!

आता मी जन्माने इंग्रज. घराचं छप्पर उडालं तरी आम्ही 'आज जरा वारा आहे' म्हणतो. 'किंचित' म्हणजे काय, हे मला कळायला नको?

केबिनमध्ये शिरलो, पडदा सारला, तर खिडकीत लाइफबोट! नारिंगी, माझ्या बसएवढी. वर चार बोटं आभाळ, खाली तेवढाही समुद्र नाही. थेल्मा उशीवर डोकं टेकून बराच वेळ बघत राहिली.

"रंग प्रसन्न आहे," ती म्हणाली.

मी पडदा अर्धा ओढून घेतला. पण शेजारच्या केबिनमधला बर्नार्ड पेटिफर भेटला तेव्हा मी ताठ मानेने म्हणालो, "बघा, एक तरी धक्का बसतोय का?" हा बर्नार्ड म्हणजे दातांचा निवृत्त डॉक्टर, एकटा जीव. त्याच्याही खिडकीत नारिंगीच!

पुढे एके दिवशी दार वाजलं. केबिनची व्यवस्था बघणारी आनेके दारात उभी होती. मुलगी हॉलंडची, बोलायला सरळसोट.

"वरची बाल्कनीवाली एक केबिन रिकामी झालीये. जास्तीचे पैसे नकोत. हवी का तुम्हाला?"

आनंदाने मी उडीच मारणार होतो. "नको नको! तुम्हाला कशाला त्रास!" मी म्हणालो.

आमच्याकडे रीतच आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं. मग समोरच्याने 'अहो, त्रास कसला' म्हणायचं. पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा 'तुमचा आग्रहच असेल तर' म्हणून मान तुकवायची.

"बरं," आनेके म्हणाली आणि गेली.

गेली! मी दार धरून दुसऱ्या आग्रहाची वाट बघतोय आणि ही बया शेजारचं दार वाजवतेय! आतून बर्नार्ड ओरडला, "हवी! आत्ताच्या आत्ता!" हा म्हणे इंग्रज!

"बरं झालं नको म्हणालास," थेल्मा म्हणाली. "एवढं सामान कोण हलवणार?" आणि ती खिडकीकडे पाठ करून पडली.

मी खुर्चीत बसून आनेकेला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. नको म्हटलं की नको, एवढंच कळतं का माणसाला? मग हळूहळू उजेड पडला. थेल्मा 'कशाला उगीच' म्हणाली होती आणि मी तिथल्या तिथे फोन उचलला होता.

"थेल्मा, तुला वर जायचं होतं का?"

"नाही रे."

"खरंच?"

"नाही म्हटलं ना."

"मी तिसऱ्यांदा विचारतोय, थेल्मा."

"नॉर्मन, त्या नारिंगी धुडाला मी कुऱ्हाड घालीन आता!" ती ताडकन उठून बसली. "बस बघायला घर सोडून आले का मी? मला समुद्र बघायचाय!" आणि तिचे डोळे भरून आले.

मी धावत आनेकेकडे गेलो. "ती केबिन हवी आम्हाला!"

"दिली. तुम्ही नको म्हणालात."

"अहो, ते पहिलं नको होतं!"

तिने मला बोटीच्या डॉक्टरची वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बर्नार्ड शेजारी येऊन बसला. "काय तो समुद्र! थेल्माबाई, कधीही या हं. अगदी घरच्यासारख्या."

आता आमच्याकडे 'कधीही या' म्हणजे 'येऊ नका', हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी 'बघू, बघू' म्हणणार, तोच थेल्माने कप खाली ठेवला.

"आत्ताच येते. मी पडून बघणार आहे. उशा माझ्या मी आणते."

बर्नार्डच्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

तेव्हापासून रोज सकाळी थेल्मा दोन उशा काखेत मारून वर जाते. संध्याकाळी खाली येते तेव्हा चेहरा असा उजळलेला असतो की मला काही विचारावंच लागत नाही. मी सुखी आहे, अगदी मनापासून.

फक्त, परकी बाई पलंगावर पडलेली असताना बर्नार्डने तिथे बसणं बरं दिसत नाही. म्हणून तो पहिल्याच दिवशी आमच्या केबिनमध्ये आला आणि मी आपला रीतीप्रमाणे म्हणालो, "हवा तितका वेळ बसा."

बसलाय. दाढांबद्दल बोलतोय.