मारुतीची ज्युनियर

मथूआत्या मारुतीला सीनियर म्हणते. दर शनिवारी सकाळी ती गावच्या देवळात जाते, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि आत बघून विचारते, "काय शिनियर, बरं हाय का?" सीनियर काही बोलत नाही. मग आत्याच दोघांच्या वतीनं बोलते.

हा शब्द तिला तिच्या मेसमधल्या पोरांनी शिकवला. कंपनीत जो आपल्या आधी लागला, तो सीनियर. आत्याचं गणित सरळ आहे. मारुती ब्रह्मचारी, आत्याही ब्रह्मचारी. तो आधी लागला, ती नंतर. खातं एकच.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. नाव सांगत नाही, कारण गावात माझा फ्लॅट आहे आणि मला तिथं राहायचंय. मी मूळची लातूरकडची, नवऱ्याच्या नोकरीमागं इथं आले आणि स्वतःही एका कंपनीच्या स्टोअरला लागले. ज्या जमिनीवर आमची सोसायटी उभी आहे, तिथं पूर्वी आत्याच्या घरचा कांदा व्हायचा. त्यामुळं ती आमच्या पार्किंगमध्ये मालकिणीसारखी फिरते आणि वॉचमनला झापते. वय साठीच्या पुढचं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आवाज कंपनीच्या धडधडत्या प्रेस शॉपमध्येही ऐकू जाईल असा. धाकटा भाऊ दगडूनाना सोसायटीशेजारच्या बंगल्यात राहतो. आत्या जुन्या घरात, आणि तिथंच कंपन्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांसाठी मेस चालवते.

आत्यानं लग्न केलं नाही. गावाला हे अजून पचलेलं नाही. बाई विधवा असली तर गाव हळहळतं, टाकलेली असली तर कुजबुजतं. पण जिनं मुळात केलंच नाही तिचं काय करायचं, हे कुणालाच माहीत नसतं. मग लोक कारण शोधतात. पत्रिकेत मंगळ होता म्हणे. कुणावर तरी जीव होता म्हणे. मीही आल्या आल्या शहाणपणा करून विचारलं होतं. आत्यानं भाकरी थापता थापता माझ्याकडं पाहिलं.

"तू लगीन का केलंस?"

"म्हणजे... वय झालं होतं. सगळे करतात."

"मग तुला कारण न्हाई तर मला का लागतंय?"

मी माझ्या लग्नाला नावं ठेवत नाही, नवरा गुणाचा आहे. पण लग्न करायचंय का, हे मला कुणी विचारलं नव्हतं एवढं खरं, आणि ते मला त्या दिवशी त्या चुलीपुढं कळलं.

पुनावळ्याचं एक स्थळ तिला अगदी ठरत आलं होतं. तेव्हा पुनावळं म्हणजे खेडं होतं, आता तिथं टॉवर आहेत. गावातल्या बायका अजून उसासे टाकतात. "आत्या, व्हय म्हणाली असतीस तर आज त्या टॉवरांची मालकीण असतीस." आत्या म्हणते, "टॉवराला काय करू? सकाळी उठून कुंकू लावू?"

तिचा खरा राग वेगळाच आहे. "बाप्या बिनलग्नाचा राह्यला तर त्याला भीष्माचार्य म्हनत्यात, पाया पडत्यात. बाई राह्यली तर म्हनत्यात, हिचं जमलं न्हाई. आरं, जमलं न्हाई न्हाई, मी जमू दिलं न्हाई!" हे वाक्य ती मेसमध्ये निदान आठवड्यातून एकदा ऐकवते. पोरं मान डोलावतात आणि ताट पुढं करतात, कारण मान न डोलावणाऱ्याला रस्सा पातळ मिळतो.

एकदा तिच्या मनानं घेतलं की आपल्या खात्यात आणखी कोण कोण आहे ते बघायचं. शंका तिच्या आणि स्कूटी माझी. माझे कितीतरी रविवार त्यात गेले.

सुरुवात जैन साध्वींपासून झाली. त्या राजगुरुनगरच्या दिशेनं पायी निघाल्या होत्या. ट्रक अंगावर येतायत, धूळ उडतेय आणि या पांढऱ्या वस्त्रांत शांत चाललेल्या. आत्यानं मला स्कूटी थांबवायला लावली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली. मी मागून स्कूटीवर, चालण्याच्या वेगानं. त्या तिच्याशी फार गोड बोलल्या. ब्रह्मचर्य म्हणजे नुसतं लग्न न करणं नव्हे, मनातसुद्धा ओढ नको, असं काहीतरी समजावलं. मग आत्या परत येऊन मागच्या सीटवर बसली.

"पक्क्या हायेत," ती म्हणाली. "पर एक अडचन हाय. सूर्य बुडल्यावर जेवत न्हाईत म्हनं. मग सेकंड शिफ्टवाल्यांना कोन वाढनार?"

मग चिंचवडच्या बाजूला एका मिशनच्या दवाखान्यातल्या नन, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. केरळच्या होत्या, पण मराठी स्वच्छ. आत्याची सगळी चौकशी नीट चालली होती, तेवढ्यात तिला त्यांच्या बोटातली अंगठी दिसली. सिस्टरनी सांगितलं, ही आमच्या व्रताची. आम्ही स्वतःला प्रभूला दिलं, त्याची खूण.

"म्हंजी देवाशी लगीनच की!"

"तसंच म्हणा," सिस्टर हसल्या.

"मग बाई तुमी आमच्या खात्यात कशा? तुमी लग्नाच्या!" सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जाताना त्यांनी आत्याला गुडघ्यासाठी मलम दिलं. आत्यानं त्यांना खात्यात घेतलं, पण थोडं बाजूला बसवलं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या रझियाभाभी ब्लाउज शिवतात. त्यांना विचारलं तर त्यांनी मशीन थांबवली. "आत्या, आमच्यात असं लग्न सोडून राहणं नाही मानत. लग्न म्हणजे अर्धा दीन, अर्धा धर्मच. पण पाकदामनी, म्हणजे चारित्र्य सांभाळणं, ते फक्त औरतचं काम नाही. आधी मर्दांना सांगितलंय, नजर खाली ठेवा. आपलं त्याच्यानंतर."

आत्या उभी राहिली. "आधी बाप्यांना सांगितलंय? खरं?"

"कुराणात आहे ना."

"बघ!" आत्या माझ्यावरच ओरडली. "आन् मला अख्खा जन्म सगळ्यांनी सांगितलं, पोरी खाली बघून चाल. एकानं तरी दगडूला सांगितलं का?" दगडूनाना बिचारा तेव्हा खाली त्याच्या बंगल्यापुढं गाडी धूत होता. त्यानं वर बघितलं आणि उगाचच नजर खाली केली.

पण आत्याला जे हवं होतं ते सापडलं देहूरोडकडच्या एका विहारात. तिथं एक वयस्कर भिक्षुणी होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि गौतमीची गोष्ट सांगितली. गौतमी म्हणजे बुद्धांची मावशी. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. पुढं तिला संघात यायचं होतं, पण बायकांना प्रवेश नव्हता. तिनं विचारलं, नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाहीच. मग ती इतर बायकांना घेऊन अनवाणी चालत गेली आणि सुजलेल्या पायांनी दारात उभी राहिली. शेवटी घ्यावं लागलं.

परतीच्या वाटेवर आत्यानं मागच्या सीटवरून माझ्या पाठीला डोकं टेकलं. मला वाटलं झोपली. घराच्या फाट्यावर एकदम माझ्या कानात म्हणाली, "मावशीला जमलं, तर आत्याला का न्हाई?"

आमच्या मारुतीच्या गाभाऱ्यात बायका जात नाहीत. देव ब्रह्मचारी, म्हणून. बायकांनी उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे, तेल वाटीत घालून गुरवाकडं द्यायचं, आणि आत जाऊन देवाला तेल लावायचं ते पुरुषांनी. आत्यानं जन्मभर बाहेरूनच गप्पा मारल्या होत्या. त्या आठवड्यात तिनं मेसमध्ये भाजी वाढता वाढता जाहीर केलं, "येत्या शनवारी मी आत जाऊन माझ्या हातानं शिनियरला तेल लावनार."

बातमी दगडूनानाकडं पोचायला वेळ लागला नाही. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष तोच. रात्री जेवण टाकून तो आत्याच्या दारात आला. "आक्का, गाव काय म्हनंल? माझी काय इज्जत राहील?" आत्या म्हणाली, "आन् माझी?" नाना तसाच परत गेला.

शनिवारी मी फर्स्ट शिफ्टची सुट्टी टाकली. देवळापुढं ही गर्दी. मेसची पोरं, बायका, कमिटीचे सगळे लोक. आत्या धुतलेली नऊवारी नेसून, हातात तेलाची वाटी घेऊन आली. उंबऱ्यात दगडूनाना उभा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी.

"आक्का, हट करू नको. देवाच्या ब्रह्मचर्याला बाधा येती."

"कुनामुळं? माझ्यामुळं?" आत्यानं स्वतःकडं खालपासून वर बघितलं. "साठीच्या म्हातारीनं बाधा येत असंल तर त्याचं ब्रह्मचर्य कसलं रं? माझं बघ. घरात एवढी पोरं जेवून जात्यात, मला कधी बाधा आली न्हाई."

बायकांत खसखस पिकली. कमिटीतल्या एकानं खाकरून म्हटलं, "आत्या, रीत हाय ती. ब्रह्मचारी देव हाय."

"मग ब्रह्मचाऱ्याजवळ ब्रह्मचाऱ्यानं जावं," आत्या म्हणाली. "मान्य हाय मला. बाई न्हाई, बाप्या न्हाई. जो ब्रह्मचारी तो आत, बाकीचे समदे भायेर. करा हात वर. कोन कोन हाय?"

मी पुष्कळ मीटिंगा पाहिल्यात, पण एकही हात वर नाही अशी ही पहिलीच. गुरव चार लेकरांचा बाप, तो घंटेकडं बघायला लागला. कमिटीचे लोक आपापल्या बायकांच्या नजरा चुकवू लागले. मेसच्या पोरांपैकी एकानं हात अर्धा वर नेला, मित्रानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, आणि त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं. खुदूखुदू हसणं सुरू झालं, पण आत्या हसली नाही.

"दगड्या," ती हळू आवाजात म्हणाली, "मी हे व्रत घेतलं, कुनी घालून न्हाई दिलं. एक दिस मोडलं न्हाई. त्याच्यासाटी साधूला तुमी हार घालता, मला न्हाई घातला तरी चालंल. पर मी उष्टी असल्यागत भायेर उभी राहनार न्हाई. आज न्हाई म्हनालास तर या पायरीवर परत पाय ठेवनार न्हाई. तुज्या बी दारात न्हाई."

दगडूनानाचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मग तो उंबऱ्यातून बाजूला सरला.

आत्या आत गेली. मी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, ती आता जोरात काहीतरी बोलेल, सीनियरला जिंकल्याचं सांगेल. पण तिनं ओंजळभर तेल घेतलं आणि मारुतीच्या खांद्याला लावलं. पुरुष लावतात तसं भसाभसा ओतून नव्हे. खांदा, दंड, मग पाठीकडची वळणं, मग पुन्हा खांदा. अंगठ्यानं गोल गोल, दाबत, सावकाश, जसं न्हाऊ घालायच्या आधी तान्ह्या बाळाला लावतात. माझ्या पोराला माझ्या आईनं असंच लावलं होतं. मला एकाएकी तिथं उभं राहवेना.

ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. लोक पांगायला लागले होते. मी शेजारी बसून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय म्हणाले सीनियर?"

"थंडगार हाय गं," ती म्हणाली. आपल्या तेलकट हातांकडं बघत होती. "दगडच तो. मला ठावं व्हतं. तरी मला वाटलं..." मग बोटं एकमेकांवर घासत, "गावातल्या एवढ्या बाळंतिनी झाल्या. कुनी पोर माझ्या हातात दिलं न्हाई तेल लावायला. म्हनायच्या, पोटी न्हाई तिला काय जमायचं. कोन रागानं न्हाई बोललं, पर दिलं न्हाई."

"पस्तावलात का आत्या?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला ती चूल आठवली. "पस्तावा? पुढचा जन्म मिळाला तरी हेच करीन. वर ताठ मानंनं करीन." मग आवाज खाली आला. "पर तेल लावायला कुनीतरी पायजे व्हतं गं. निदान एक."

ती हात पुसायला पदर शोधू लागली. इतका वेळ मागं खांबाला टेकून उभा असलेला दगडूनाना पुढं आला. त्यानं ऐकलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तो आत्याच्या पुढ्यात खालच्या पायरीवर पाठमोरा बसला. कमिटीचे दोन-तीन लोक अजून तिथंच होते. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. टकलावर मागच्या बाजूला थोडे पांढरे केस होते.

"आक्का," तो म्हणाला, "हात पुसू नको. मला लाव."

आत्यानं आधी त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "एवढा मोठा झाला, आन् आता सुचलं व्हय रं?"

आणि मग दोन्ही हातांनी ती त्याच्या डोक्याला तेल चोळायला लागली. कमिटीचे लोक दुसरीकडं बघू लागले. नानानं डोळे मिटले होते. आत्या विचारत होती, "कानामागं लावू का?" आणि तो म्हणत होता, "लाव."