एका अळीची नोंद

एका जंगलात, बाळांनो, एखादी वस्तू नुसती दिली म्हणून दिली जात नसे. सुतारपक्ष्याने ते अर्जुनाच्या खोडावर कोरलं आणि सगळ्या प्राण्यांनी बघून माना डोलावल्या, तरच ती दिली असं धरत. लबाडी होऊ नये म्हणून. लबाडीचा त्या जंगलाला फार राग.

जे कोरायचं ते पानावर लिहून ढोलीत टाकायचं. सोबत सुतारपक्ष्यासाठी अळ्या. एका फेरीत तो दहाच पानं कोरी, आणि कुठली दहा ते अळ्या बघून ठरवी. हेही सगळ्यांना मान्य होतं.

म्हातारी मुंगूसआजी लेकीकडे कायमची राहायला निघाली. जाताना तिने आपलं बीळ गोजाबा सशाला दिलं. गोजाबाने पान टाकलं. सोबत एकच अळी, तीही बारीक. बिचाऱ्याला तेवढीच सापडली होती.

माकडं रोज शंभर पानं टाकत. एकच केळं ती दिवसभर एकमेकांना देत. गोजाबाचं पान तळाला गेलं. बीळ रिकामं आणि ससा दाराशी.

"आत जाऊ का हो?" तो कासवाला विचारी.

"नोंद झाली?"

"पान ढोलीत आहे."

"मग बस. आज ना उद्या होईल."

एके सकाळी कोल्हा आला.

"काय गोजाबा, बाहेर कसे?"

"नोंद व्हायचीय, कोल्होबा."

कोल्हा नियमाचा पक्का. नोंदीशिवाय कुणाला खात नसे. त्याने तिथेच पान लिहिलं, 'हा ससा माझा', आणि वीस लठ्ठ अळ्या लावल्या. ससा आधी कुणाचा असल्याची नोंद नव्हती, त्यामुळे कुणाची हरकतही आली नाही.

पहिल्याच फेरीत ते कोरलं गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कासवाला फार वाईट वाटलं, पण त्यानेही डोलावली.

कोल्हा उठला. गोजाबाने एकदा ढोलीकडे पाहिलं, एकदा बिळाकडे पाहिलं आणि सरळ आत शिरला.

"अहो, नोंद नाही!" अख्खं जंगल ओरडलं. "बाहेर या आधी!"

कोल्ह्याने बिळात तोंड घालून पाहिलं. ते मावेना. मग तो खोडापाशी जाऊन म्हणाला, "बघा सगळ्यांनी! माझाच आहे ना तो?"

सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या. ससा काही बाहेर आला नाही.

आता त्या बिळात गोजाबाची अकरा पिल्लं आहेत. त्याचं पान अजून ढोलीतच आहे. कोल्हा दाराशी बसलेला असतो. बराच वाळलाय, पण त्याची नोंद अगदी पक्की आहे.

तात्पर्य: नोंद होईपर्यंत धीर धरावा. फक्त तो बिळात बसून धरावा.