घंटा वाजेपर्यंत हाल्वार हयात

हाल्वार मंगळवारी सकाळी वारला. पण ओल्मेसुंद गावाच्या लेखी तो बुधवारी दुपारी, चर्चची घंटा वाजल्यावर वारायचा होता.

आमच्याकडची रीतच तशी आहे. माणूस गेला की दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या दगडी चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी घंटा वाजवतात. पुरुषाला मोठी, बाईला धाकटी. ती ऐकू आली की बायका ओव्हन पेटवतात, पुरुष काळे कोट झटकतात, आणि बघता बघता ते घर माणसांनी आणि केकांनी भरून जातं. घंटेआधी मात्र कुणी फिरकत नाही. शववाहिका दारासमोरून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असली तरी नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट त्यानं रीतसर सांगण्याआधी आपल्याला ठाऊक असणं याला ओल्मेसुंदमध्ये भोचकपणा म्हणतात. गावात माणसं दारू पितात, कर चुकवतात, एखाद्याची बायकोही पळून जाते. पण भोचक म्हणून कुणाचं नाव निघालेलं नाही.

तेव्हा बुधवारी सकाळी सिगब्रितनं नवऱ्यासाठी अंगणातला झेंडा अर्ध्यावर उतरवला, चांगल्या कपबश्या मांडल्या, कॉफीचं आधण ठेवलं आणि खिडकीशी बसली. तिला फार काही नको होतं. समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसावं, कॉफीचा घोट घ्यावा आणि "गेला गं बिचारा" एवढं म्हणावं. मग आपल्याला रडता येईल असा तिचा अंदाज होता. एकटीनं रडणं बरं दिसत नाही, असं तिला वाटायचं.

दुपार झाली. घंटा वाजली नाही.

संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारचा अल्गोत खाकरला. त्याच्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट होतं.

"सिगब्रित, तुझ्या झेंड्याची दोरी अडकलीय वाटतं."

"अडकली नाही रे. हाल्वार गेला."

"हो का?" अल्गोत बुटांकडे बघत म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे असेलच. पण घंटा काही ऐकली नाही आम्ही."

"वाजलीच नाही."

"मग तब्येत कशी म्हणायची त्याची?"

सिगब्रितनं झेंड्याकडे बोट दाखवलं. अल्गोतनं ताट दुसऱ्या हातात घेतलं, वेलचीच्या पावाचा वास कुंपणापलीकडून अलीकडे आला, आणि "काळजी घ्या म्हणावं त्याला" असं म्हणून तो ताटासकट घरी गेला. तो वाईट माणूस नव्हता. हाल्वारबरोबर त्यानं कित्येक वर्षं मासे पकडले होते, आणि त्या ताटातला पाव त्यानं स्वतः भाजला होता.

गुरुवारी ती पाद्री एव्हर्टकडे गेली. एव्हर्ट चर्चमागच्या लाकडी खोपटात प्रवचनाची तयारी करत होता. रविवारची प्रार्थना हल्ली तिथेच होते. चर्चच्या छतापासून भिंतीपर्यंत मध्ययुगीन चित्रं आहेत: बाई लोणी घुसळतेय आणि सैतान तिला मदत करतोय. भक्तांच्या श्वासातल्या ओलाव्यानं सैतानाचा रंग उडतो असं तज्ज्ञांना आढळलं. म्हणून भक्तांना खोपटात हलवलं. पर्यटकही श्वास घेतात हे खरं, पण ते थोड्याच वेळात बाहेर पडतात आणि बहुतेक वेळ तो रोखूनच धरतात.

"एव्हर्ट, घंटा का नाही वाजली?"

"अगं, आपलं चर्च आता 'सरोवरकाठच्या मध्ययुगीन वाटा' योजनेत आहे. घंटा माझ्याकडे नाही राहिली. माझ्याकडे देव आहे फक्त."

"मग देवाला सांग."

"त्यानंही टिंद्रालाच विचारायला पाहिजे," एव्हर्ट खिन्नपणे म्हणाला.

टिंद्रा वारसा केंद्राची अनुभव-समन्वयक होती. चर्चच्या देवडीत, जिथे पूर्वी लोक तलवारी ठेवून आत जायचे, तिथे तिचा काउंटर होता. मुलगी तरुण, गोड, आणि समोरचा बोलू लागला की मान तिरकी करून ऐकणारी. तिनं सिगब्रितचं सगळं ऐकून घेतलं, तिचा हात हातात घेतला, आणि डोळ्यांत पाणी आणून नकार दिला.

"सिगब्रित, तुझं दुःख मी समजू शकते. पण ती घंटा तेराव्या शतकातली आहे. संरक्षित ध्वनी-वारसा. प्रत्येक टोल्यागणिक ती झिजते. वापरासाठी नाही वाजवता येत."

"शनिवारी तर वाजवता. मी ऐकते ना घरातून."

"तो वापर नाही गं. तो अनुभव आहे."

"फरक काय?"

"वापर गावकरी करतात," टिंद्रानं समजुतीच्या सुरात सांगितलं. "अनुभव अभ्यागत घेतात."

सिगब्रित आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. चूक उत्तराकडे बघत बसण्यापेक्षा उदाहरण दुसऱ्या बाजूनं सोडवावं, ही तिची सवय होती. ती म्हणाली, "मग मला या शनिवारी अनुभव दे. वाजणारच आहे, तर ती हाल्वारसाठी वाजली असं समजू."

टिंद्राची तिरकी मान सरळ झाली. "म्हणजे खराखुरा मृत?"

"चांगलाच खरा."

"थांब हं, मी समितीशी बोलते," असं म्हणून टिंद्रा फोन घेऊन बाहेर पळाली. तिला इतक्या आनंदात सिगब्रितनं पहिल्यांदाच पाहिलं.

अस्सलता समिती शुक्रवारी तळ्यावरून बोटीनं आली. तिघं होते, तिघांनीही हातमागाचे स्वेटर घातले होते. त्यांनी सिगब्रितच्या चांगल्या कपबश्यांतून कॉफी घेतली, आणि तिला वाटलं, आता कुणीतरी ते म्हणेल. पण अध्यक्षांनी विचारलं, "मृताचा जन्म इथलाच ना?"

"समोरच्या काठावरचा. लग्न करून इकडे आला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. समोरचा काठ खिडकीतून दिसत होता. तिथल्या गाईही दिसत होत्या.

"म्हणजे बाहेरचा," अध्यक्ष म्हणाले. "बरं, परंपरागत व्यवसाय?"

"फ्रिज दुरुस्त करायचा."

"मध्ययुगात फ्रिज नव्हते, सिगब्रित."

"मध्ययुगात हाल्वारही नव्हता," ती म्हणाली. "पण माणूस सोन्यासारखा होता. तुमच्या केंद्रातलं ते थंड पेयांचं कपाट त्यानंच फुकटात चालू करून दिलंय."

समितीनं यावर साधकबाधक चर्चा केली. शेवटी सर्वानुमते असं ठरलं की मृत अधूनमधून मासे पकडत असल्यानं त्याला 'सरोवराचा अखेरचा कोळी' असं संबोधण्यास हरकत नाही. विधवेनं मात्र लोकरीची शाल पांघरावी, चष्मा काढून ठेवावा, आणि शक्यतो गणिताचा उल्लेख टाळावा. सिगब्रितनं सगळं कबूल केलं. चार दिवस हाल्वार धड जिवंत नव्हता आणि धड मेलेला नव्हता. त्याच्या नावानं गावातून 'लवकर बरा हो'चे फुलांचे तीन गुच्छ येऊन पडले होते. यापेक्षा कोळी परवडला.

शनिवारी चर्चपुढे बसगाड्यांची रांग लागली. सात चर्च, एक पडका किल्ला आणि मठाची विहीर एका दिवसात दाखवणाऱ्या त्या गाड्या. ओल्मेसुंद त्यांत पाचवं, म्हणजे माणसं दमलेली असतात आणि शौचालय शोधत असतात. पण आज फलकावर 'खास: जिवंत परंपरा, खऱ्या मृतासह' असं लिहिलं होतं, त्यामुळे सगळी थेट आत आली.

टिंद्रा माईकवर बोलली. बोलली छानच. तळं, धुकं, जाळी, अखेरचा कोळी. हाल्वार पोहायलासुद्धा घाबरायचा, हे तिनं सांगितलं नाही. मग मोठी घंटा वाजू लागली.

हीच घंटा तिनं सासऱ्यासाठी ऐकली होती, थोरल्या भावासाठी ऐकली होती. आता ती हाल्वारची होती. तो आता खरंच नव्हता. तिनं डोळे मिटले, आणि खांद्यावर कुणीतरी टकटक केलं.

"मावशी, थोडं डावीकडे होता का? सैतान झाकला जातोय."

ती डावीकडे झाली. फोन वर झाले. घंटा थांबली आणि टाळ्या पडल्या. मागून एक गृहस्थ धापा टाकत आले. ते शौचालयात होते, त्यांचं हुकलं होतं, पुन्हा एकदा होईल का? टिंद्रानं सिगब्रितकडे पाहिलं, नियम आठवला, आणि घंटेवर मायेनं हात ठेवावा तसा एकच टोला द्यायला सांगितलं.

गावानं मात्र घंटा ऐकली होती, आणि या शनिवारी तिच्यामागे हाल्वारचं नाव रीतसर जाहीर झालं होतं. गावाचा जीव भांड्यात पडला. टेकडीवरून काळ्या कोटांची रांग उतरली, प्रत्येकाच्या हातात ताट. बदामाचे केक, जॅमच्या टिकल्या, वेलचीचा पाव. पर्यटकांना वाटलं, हेही कार्यक्रमातच आहे. त्यांनी ताटं रस्त्यातच अडवली, आभार मानले आणि खाल्ली. सिगब्रितपर्यंत पोचेतो अल्गोतच्या ताटात पावाचा एकच तुकडा उरला होता. तो त्यानं तिच्या हातावर ठेवला.

"गेला गं बिचारा," अल्गोत म्हणाला.

तेव्हा कुठे सिगब्रित रडली. भरपूर रडली. अल्गोत शेजारी उभा राहून तळ्याकडे बघत राहिला आणि तिला हलकं वाटलं. त्याच दिवशी एका पाहुण्यानं अभिप्राय नोंदवला: 'अनुभव उत्तम, केक अप्रतिम, रडणं थोडं लांबलं.'

पुढे व्हायचं ते झालं. केंद्राकडे विचारणा वाढली. पुढचा मृत कधी? जुलैत आहे का कुणी? टिंद्रा दर सोमवारी गावातल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची आपुलकीनं चौकशी करू लागली. अल्गोतला साधा खोकला झाला तर केंद्राकडून फुलांचा गुच्छ आला आणि मागोमाग समिती त्याचा व्यवसाय विचारून गेली. जुन्या रीतीप्रमाणे घंटा दुसऱ्या दिवशी वाजायची, पण गाड्या मुक्कामाला थांबत नसल्यानं, माणूस सोयीच्या वेळी गेला तर ती त्याच दिवशी वाजवावी, अशी सुधारणा झाली. तळ्याभोवतीच्या सगळ्याच चर्चांनी ती स्वीकारली. ओल्मेसुंदमध्ये मात्र त्या वर्षी एकही माणूस मेला नाही. म्हातारी माणसं हट्टानं सायकली चालवू लागली, आणि ज्याला अगदीच जमेना तो शहरातल्या दवाखान्यात जाऊन गुपचूप मेला.

पुढच्या उन्हाळ्यात निवृत्तांच्या मंडळानं सहल काढली. तळ्याच्या उत्तरेची जुनी चर्चं बघायची, जेवायचं, संध्याकाळी परत. सिगब्रित खिडकीशी बसली, शेजारी अल्गोत. ती वर्षानं घराबाहेर पडली होती. हवा सुरेख होती, थर्मासमध्ये कॉफी होती, आणि तिनं नवा फोन घेतला होता. पाहिलेल्या प्रत्येक चर्चचे तिनं फोटो काढले. एका ठिकाणी छतावर व्हेल माशाच्या पोटात बसलेला संत होता; तो तिला आपल्या सैतानापेक्षा डावा वाटला.

शेवटच्या चर्चशी तिथला वाटाड्या गाडीत चढला. "घंटेचं विचाराल म्हणून आधीच सांगतो," तो म्हणाला, "आज नक्की असं काही नाही. पण ते समोरचं लाल घर दिसतंय ना? तिथली म्हातारी सकाळपासून शेवटच्या घटका मोजतेय. डॉक्टर येऊन गेले. तुम्ही कॉफी होईपर्यंत थांबलात तर बहुतेक जमेल. इथली घंटा ऐकण्यासारखी आहे."

गाडीत कुजबूज झाली.

"एकटीच असेल का गं ती?" अल्गोतनं विचारलं. लाल घराचं दार सताड उघडं होतं. रस्ता ओलांडला की पायरी.

"असेल बाई कुणीतरी," सिगब्रित म्हणाली. "आणि घंटेआधी कसं जायचं कुणाच्या घरात? बरं दिसतं का?"

"तेही खरंच."

"पण थांबायला हवं आपण. बिचारीच्या घंटेला कुणीतरी नको का?"

ड्रायव्हरला उशीर होत होता. त्यानं आरशातून मागे बघत विचारलं, "कोण कोण थांबायचं म्हणतंय? हात वर करा."

सिगब्रितचा हात सगळ्यांत आधी वर गेला. दुसऱ्या हातानं ती फोनचं चार्जिंग किती उरलंय ते बघत होती. तिला नावं ठेवायचं कारण नाही. गाडीत खाली राहिलेला हात एकही नव्हता. मागच्या बाकावर एक जागा रिकामी आहे. तिथून घर अगदी समोर दिसतं, बसा.