पाणी फिरलं, उद्या बोलू

झोळी रिकामी होती.

म्हणजे झोळी होती, झोळीत माझी जुनी साडी होती, साडीवर ओला डाग पण होता, फक्त पोरगी नव्हती. मी झोळीच्या खाली बघितलं. मग झोळी झटकली. आता आठ महिन्यांची पोर काय झटकून पडणार आहे, पण त्या टायमाला डोकं चालतच नाय. आणि माझ्या मागं दारात माझी सासू उभी. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, वेवजीवरून दोन गाड्या बदलून आलेली, खास नातीला बघायला.

"मनू कुठंय?" आत्या म्हणाल्या. सासूला मी आत्या म्हणते.

"आहे ना," मी म्हटलं. "इथंच आहे." आणि मी पाण्याच्या पिंपाचं झाकण उघडून आत बघितलं.

ते बघितल्यावर आत्यांनी पिशवी खाली ठेवली.

घर मथुराबायचं होतं. दार सताड उघडं, मथुराबाय नाय, तिच्या चपला नाय, तिची किटली पण नाय.

मथुराबाय आमची शेजारीण. डहाणूला खाडीकाठी आमची भाड्याची खोली आहे, तिला लागून हिचं घर, भिंत एकच. मी चिकूच्या वखारीत जाते, लहान-मोठे चिकू वेगळे करून खोक्यात भरायचं काम. तेवढा वेळ मनू मथुराबायकडं. सकाळी सोडते, सहाला घेते. तुम्ही म्हणाल, मग चांगलं आहे की. चांगलंच आहे. पण मथुराबाय घड्याळ मानत नाय.

मानत नाय म्हणजे, काही माणसं म्हणतात ना आम्ही भूत मानत नाय, तसं. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी विचारलं, "मथुराबाय, तुम्ही जेवता कधी?" तर म्हणाली, "पाण्याला विचार." मला वाटलं बाईला कमी ऐकू येतं. मी परत मोठ्यानं विचारलं. तर तिनं पण मोठ्यानं सांगितलं, "पाण्याला विचार गो!"

मग हळूहळू कळलं. चढत्या पाण्याला पाय, उतरत्या पाण्याला हात, थांबल्या पाण्याला तोंड. हेच तिचं टाइमटेबल. भरती चढत असली की ती बाहेर फिरणार, बाजार, रेशन, जे काय असेल ते. ओहोटी लागली की घरात, बोंबील निवडणं, भांडी, चूल. आणि पाणी भरून थोडा वेळ थांबतं ना, तेव्हा तोंडाची कामं. म्हणजे जेवण, चहा, गप्पा आणि भांडण.

आता भरती रोज पुढं सरकते. म्हणजे मथुराबायचं जेवण पण सरकतं. आज दुपारी जेवली तर चार दिवसांनी दिवेलागणीला जेवते, आणि तेवढ्याच आनंदानं जेवते. आणि तिच्याबरोबर माझी मनू पण! पोरीला भूक लागते ती पाण्याप्रमाणं, झोप येते ती पाण्याप्रमाणं. एक आठवडा मला वाटतं, वा, पोरगी काय शहाणी झाली. पुढच्या आठवड्यात मी रडकुंडीला.

भांडणाचं तर विचारूच नका. समोरच्या कमळीबायबरोबर तिचं भांडण चालू आहे, बोंबील वाळवायच्या बांबूवरून. कधीपासून ते दोघींना पण आठवत नाय. पाणी थांबलं की मथुराबाय पदर खोचून अंगणात येते आणि सुरू. आणि ऐन रंगात, कमळीबायच्या माहेरापर्यंत पोचलेली असताना, खाडीकडं बघते आणि म्हणते, "पाणी फिरलं, उद्या बोलू." की आत. कमळीबाय तोंड उघडं टाकून उभी. दुसऱ्या दिवशी मथुराबाय त्याच शब्दापासून परत सुरू करते.

आमच्या घरात तसा आधीच वेळेचा गोंधळ. यांची कंपनी उंबरगाव साईडला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. वखारीचा टाइम वेगळा. त्यात मी मोबाईलवर एका बाईचे व्हिडिओ बघते, घर, काम आणि मूल सगळं कसं सांभाळायचं ते ती सांगते. सकाळी उठून आधी स्वतःसाठी वेळ काढा म्हणते, कोमट पाणी घेऊन खिडकीशी शांत बसा म्हणते. मी बसले एक दिवस. खिडकीतून समोरच मथुराबाय. "पाणी चढतंय आणि तू बसलीस काय गो?" झाली माझी शांती.

एकदा मी तिला विचारलं, "तुम्ही एकटीनं एवढं सगळं कसं करता? मला तर काय सुचतच नाय, इकडं हात लावला की तिकडं करपतं."

ती हसली. "मी कुठं करते? पाणी करतं. ते आलं की उठायचं, गेलं की टेकायचं. तू कायम उधाणात. रोज उधाण कसं चालेल? भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या बाजूला, पाणी पण आळस करतं. चढायचं म्हणून थोडं चढतं, बस. तेव्हा तू पण आळस कर. ये, डोक्याला तेल लावते."

तिनं लावलं पण. मी तिच्यापुढं बसल्या बसल्या झोपले. उठले तेव्हा मनू तिच्या मांडीवर आणि माझं डोकं दुसऱ्या मांडीवर.

पण माझी अडचण अशी की मला पाणी कळतच नाय. मी वेवजीकडची, सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीतलं. ते कुठं जात नाय, येत नाय. इथं खाडीकडं बघितलं की मला ते नुसतं हललेलं दिसतं. चढतंय की उतरतंय, देवाला माहीत.

आणि आत्यांना तर पाण्याची भीतीच. मनूला इथं ठेवायला त्या तयार नव्हत्या. "आमच्याकडं दे, वाडीत चार माणसं आहेत सांभाळायला," म्हणत होत्या. यांनी कसंतरी समजावलं. तेव्हा आत्यांनी मला बोट दाखवून सांगितलं होतं, "पोरीला पाण्याजवळ न्यायचं नाय. नेलं असं कळलं तर त्याच दिवशी मी तिला घेऊन जाईन. तू रविवारी येऊन बघत जा."

रविवारी येऊन! माझीच पोर, मी पाहुणीसारखी बघायची?

तर त्या दिवशी आत्यांचा फोन आला, मी निघालेय. म्हणून मी वखारीत हातापाया पडून चारलाच सुटले. आणि इथं ही रिकामी झोळी. मी झोळी धरून विचार करायला लागले, आता चढतंय की उतरतंय? उतरत असेल तर मथुराबाय घरात पाहिजे. नाय, म्हणजे चढतंय. चढतंय तर ती बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? बाजारात असेल. बाजारातच असू दे, देवा.

अंगणात कमळीबाय बांबूला टेकून उभी. मी विचारलं तर म्हणाली, "बंदरावर गेली ती. आणि तिला सांग, काल माझं बोलणं अर्धं राह्यलंय."

"मनूला घेऊन?"

"मग काय टाकून जाईल? रोजच नेते. पाणी चढलं की."

रोज! माझ्या मागं आत्यांनी ऐकलं. मला वळून बघायची हिंमत झाली नाय. मी पळत सुटले. एक चप्पल तुटली, ती हातात घेतली. मागून आत्या, शेंगांची पिशवी परत उचलून.

बंदरावर पाणी अगदी काठाला लागलेलं. होड्या आत येत होत्या, बायका टोपल्या घेऊन ओरडत होत्या, आणि त्या सगळ्या गोंधळात एका पालथ्या टोपलीवर मथुराबाय बसलेली. मांडीवर मनू, डोक्यावर पदराची सावली, शेजारी किटली. आणि मनू हसत होती. माझ्याकडं असताना एवढी कधी हसत नाय.

मथुराबाय तिला होड्या दाखवत होती. "ती बघ, पिवळी. ती आळशी, कायम शेवटी येते. आणि ती निळी आली ना, ती आपली. रंग बदलला, नाव बदललं, पण नाक बघ तिचं. नाक बदलतं काय?"

मला माहीत होतं, मथुराबायची होडी होती. नवरा आजारपणात गेला आणि होडी दुसऱ्या गावच्या माणसाला विकली. ती होडी अजून याच बंदरात येते हे मात्र मला माहीत नव्हतं.

निळी होडी लागली. खलाशी उतरले, पोरंच सगळी, होडी आधी हिची होती हे कोणाला ठाऊक नव्हतं. हिनं त्यांना पेल्यांत चहा ओतून दिला. एकानं चहा प्यायला आणि दहाची नोट पुढं केली. "घ्या चहावाली मावशी." मी म्हटलं आता ही त्याच्या आयचं माहेर काढणार. पण तिनं काय नाय केलं. नोट घेतली आणि मनूच्या मुठीत कोंबली.

तेवढ्यात आत्या पोचल्या. मनूला पाण्याच्या एवढ्या जवळ बघून त्यांचा चेहराच पांढरा पडला. मग लाल झाला.

मथुराबायनं आधी खाडीकडं बघितलं. "थांबलंय," म्हणाली. "बोला आता."

आत्या बोलल्या. काय बोलल्या ते मी लिहीत नाय. मथुराबाय पण कमी नाय. "आमची पोरं पाण्यातच वाढली, तुमची शेतात वाढतात, साप नसतात शेतात?" आत्या म्हणाल्या, "साप दिसतो तरी!" माणसं जमली. मी मधे तुटकी चप्पल हातात धरून उभी, आणि दोघींचं मला खरं वाटत होतं. म्हणजे आत्या बोलल्या की वाटायचं बरोबर आहे, आणि मथुराबाय बोलली की वाटायचं हे पण बरोबर आहे.

मग मला एक दिसलं. खाडीत मधे नांगरून ठेवलेल्या होड्या इतका वेळ एकीकडं तोंड करून होत्या, त्या हळूहळू वळायला लागल्या. सगळ्यांची तोंडं फिरली. मी पहिल्यांदाच बघितलं, पाणी फिरताना.

मथुराबायनं बोलता बोलता तोंड मिटलं. किटली उचलली, पोर खांद्यावर घेतली. "चला घरी. सा वाजायच्या आत पोरीला आंघोळ घालायचीय. हिची आय येते साला." सा म्हणजे सहा.

"मथुराबाय, मी आलेय की!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच चुकले. "तू आज लवकर आलीस. तुझा टाइम साचा."

घरी आलो. ती चूल पेटवायला बसली आणि मी दाराच्या मागं बघितलं. तिथं घड्याळ होतं. चालू घड्याळ! मथुराबायच्या घरात!

कमळीबाय अंगणातून बघतच होती, तिला राहवलं नाय. "माझ्याकडं आलेली शिकायला," ती म्हणाली. "माझ्याकडं! भांडण चालू असताना. म्हणाली, मला सा शिकव. म्हटलं सगळंच शिक की. तर म्हणाली, बाकीचे काटे मला नकोत. आखूड काटा सरळ खाली लोंबला की सा, तेवढं पुरे."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मनूचं जेवण सरकायचं, झोप सरकायची, सगळं सरकायचं. पण मी सहाला आले की मनू कायम पायरीवर, आंघोळ झालेली, काजळ घातलेली, मथुराबायच्या मांडीवर. पाणी चढतं असो की उतरतं. एक दिवस चुकलं नाय. आणि मी येडी, कधी लक्षातच घेतलं नाय.

मथुराबाय मनूच्या अंगावर कोमट पाणी घालत तिलाच सांगत होती, "माझं माणूस पाण्यावर यायचं गो. येईल तेव्हा येईल. घड्याळ लावून कोण आलंय माझ्याकडं? एक तुझी आय येते."

आत्या उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी हळूच शेंगांची पिशवी मथुराबायच्या चुलीपाशी सरकवली. मला वाटलं झालं, मिटलं. पण मनूला पुसून कपडे घातले तशा त्या उठल्या, दोन्ही हात पुढं केले आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई चांगली आहे. पण पाणी ते पाणी. दे पोरीला. शेवटची गाडी जाईल."

मनू माझ्या कडेवर. आत्यांचे हात पुढं. त्यांचं काय चुकलं होतं? त्या घाबरल्या होत्या, मी पण घाबरलेलेच होते. मथुराबाय दारामागच्या घड्याळाकडं बघत होती, आणि मला म्हणाली, "काटा सरळ झाला काय गो? मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाय."

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी, जी आत्यांपुढं चहाला साखर कमी आहे का एवढं विचारायला घाबरते.

"आत्या," मी म्हटलं, "पाणी फिरलं. उद्या बोलू."

आणि मनूला मथुराबायच्या मांडीवर ठेवलं.

आत्या गाडीला गेल्या नाय. आमच्या खोलीत येऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या आहेत. भिंतीच्या पलीकडून मथुराबायचं मनूला गाणं म्हणणं ऐकू येतंय, आणि आत्या ते ऐकतायत की नाय हे मला कळत नाय. उद्या पाणी कधी थांबणार ते पण मला कळत नाय, आणि तेव्हा मी काय बोलणार ते तर अजिबातच नाय. मी बरोबर केलं का? तुमची पोर असती, तुमची सासू असती, आणि ती बाई अशी घड्याळाकडं बघत बसली असती, तर तुम्ही काय केलं असतं?