जॅमच्या विधेयकाला लाल दिवा

आमच्या अमेरिकेतल्या राज्यात विधेयक कसं पास होतं ते मला झोपेतून उठवून विचारा! मांडणी, समिती, सभागृहात मतदान, मग सिनेट, मग गव्हर्नरची सही. कॉलेजचं तोंड न बघता सगळं एकट्यानं शिकलोय. म्हणून तर आमदार प्रुइटबाईंनी निवडून आल्याआल्या मला ऑफिसात घेतलं.

त्यांचं पहिलंच विधेयक माझ्या ओलेटा काकूंसाठी होतं. घरी केलेला पीच जॅम बाजारात विकायला बंदी आली आणि काकूंचं चालतं दुकान बसलं. ज्या जॅमवर मी लहानाचा मोठा झालो, तो बेकायदेशीर! मग समितीत काकूंच्या जॅमच्या बरण्या फिरल्या आणि बंदी उठवायचं बिल एकमतानं पुढे सरकलं.

मतदानाच्या दिवशी काकूंना वरच्या गॅलरीत बसवलं, शेजारी मी. "काकू, निवांत बसा. काम झालंच समजा!"

तेवढ्यात सगळ्यात जुने आमदार टिलमन उठले. "बाई, बरणीवर माशी बसली तर तिला लायसन लागेल का?"

प्रुइटबाई गडबडल्या. "म्हणजे... माशी कुठल्या जिल्ह्यातली?"

दुसरा उठला, "आणि जॅम चमच्यानं खायचा की बोटानं? कायद्यात दिसत नाही!"

मतदान सुरू झालं. भिंतीवरच्या फलकावर बाईंचं सोडून प्रत्येक नावापुढे लाल दिवा, म्हणजे विरोध! जणू फलकाला गोवर आला!

"जाऊ दे रे डेल," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "देवाची मर्जी."

माझं डोकंच फिरलं. उभा राहून ओरडलो, "टिलमनसाहेब! समितीत आख्खी बरणी संपवलीत! झाकणसुद्धा चाटलंत! लाज नाही वाटत?"

सभागृहात असा हशा फुटला! पहारेकऱ्यानं माझी कॉलर धरली. दारातून मागे बघतो तर फलक सटासट हिरवा होतोय!

"येड्या," पहारेकरी म्हणाला, "नव्या आमदाराचं पहिलं बिल असं आधी लाल बटण दाबून रडवतात, मग हिरवं करतात. इथली रीतच आहे!"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं हो!

थोड्या वेळानं टिलमन बाहेर आले. मला वाटलं, गेली माझी नोकरी!

"साहेब, माफ करा..."

"गप रे. माझ्या पहिल्या बिलाला मीही रडलो होतो. पण माझ्यासाठी वरून ओरडणारं कोणी नव्हतं." जाताजाता कानाशी वाकले, "झाकणाचं घरी कळू देऊ नकोस. मला डायबेटिस आहे."

काकूंनी मला मिठीत घेतलं. त्या आख्ख्या लबाड सभागृहाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता बिल सिनेटमध्ये जाईल. तिथे ते मांडणारे सिनेटरही यंदाच निवडून आलेत. प्रुइटबाईंनी आजच बजावलंय, "डेल, त्या दिवशी तू सुट्टी घे. भरपगारी!"